डेटाबेसमधल्या किमतींवरून फिल्टरचे टप्पे कसे काढावेत?

डवरा_ते_रोटाव्हेटर (प्रश्न)
तालुक्याच्या कृषी केंद्राच्या वेबसाइटवर 412 वस्तू आहेत. विळा 60 रुपयांना, रोटाव्हेटर 1,18,000 ला. मिन आणि मॅक्स (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किंमत) घेऊन मधल्या अंतराचे पाच सारखे भाग पाडले, तर 391 वस्तू 60 ते 23,648 या पहिल्याच टप्प्यात गेल्या. हंगामागणिक माल बदलतो, म्हणून टप्पे हाताने लिहायचे नाहीत. डेटाबेस मायएसक्यूएल 8 आहे.

वऱ्हाडी_क्वेरी
भाऊ, भाग अंतराचे नका पाडू, वस्तूंचे पाडा. किमतीच्या चढत्या क्रमावर एनटाइल(5) लावा, म्हणजे ओळींचे जवळपास सारखे पाच गट पडतील, आणि प्रत्येक गटाची मॅक्स किंमत घ्या. समजा पहिल्या चार गटांच्या 185, 430, 1140, 3650 आल्या. पाचवी सोडा, शेवटचा टप्पा वरून उघडाच ठेवायचा. हे आकडे गिऱ्हाइकाला दाखवण्याजोगे नाहीत. 1, 2, 5 आणि त्यांच्या दहापटी, शंभरपटी अशी शिडी धरून जवळच्या पायरीवर आणा: 200, 500, 1000, 5000. दोन आकडे एकाच पायरीवर आले तर एक गाळा.

वस्तूंची संख्या मात्र एनटाइलच्या गटांवरून दाखवू नका. ते नुसत्या ओळी मोजतं. 430 च्या आठ वस्तू असल्या तर पाच एका गटात, तीन पुढच्यात टाकेल. गोल आकडे ठरले की केस-व्हेन (अट बघून प्रत्येक वस्तूला टप्पा देणारी रचना) लावून नव्याने काउंट घ्या.

धुऱ्यावरचा_प्रोग्रामर
केस-व्हेनच्या अटीत बिटवीन (‘या दोन आकड्यांच्या दरम्यान’) नको. ते दोन्ही टोकं धरतं, म्हणून 500 ची वस्तू दोन टप्प्यांच्या अटींत बसते. खाली >=, वर <.

ठिबकचा भाव एकरावर ठरतो, म्हणून तिथे किंमत नल, म्हणजे रिकामी, ठेवली असेल तर आधी त्या ओळी वगळा. मिन नलकडे बघत नाही, त्यामुळे चूक दिसत नाही. पण चढत्या क्रमात मायएसक्यूएल नल सगळ्यांच्या आधी लावतं आणि सगळे टप्पे खाली घसरतात.

डवरा_ते_रोटाव्हेटर
ठिबकच्या काही ओळी नल निघाल्या. आता कोणी फक्त फवारणी पंप निवडले तर?

वऱ्हाडी_क्वेरी
त्याच वर्गाची अट लावून टप्पे नव्याने काढा. किंमतीची अट तेवढी त्या क्वेरीत घेऊ नका, नाहीतर 200 ते 500 निवडताच बाकीचे टप्पे शून्य होतील.

बियाण्यात वेगळी अडचण आहे. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे सगळे आकडे एकाच पायरीवर येतात. दोनपेक्षा कमी टप्प्यांत माल उरला तर त्या पानावर किमतीचा फिल्टर दाखवूच नका.