बीडीवाले नुसती कार्डं वाटतात म्हणे!

कक्षाभ्रमर
काल इथं एकानं लिहिलं की अंतराळ कंपन्यांतले बिझनेस डेव्हलपमेंटवाले (बीडी, म्हणजे नवी गिऱ्हाइकं नि कंत्राटं मिळवणारे) परिषदांमध्ये कार्डं वाटत हिंडतात आणि उपग्रह बनवणाऱ्यांच्या जिवावर जगतात. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा. नऊ वर्षं मी हेच काम करतोय. इरिडियम ही उपग्रह फोनची कंपनी आठवा. ६६ उपग्रहांचं जाळं, तंत्रज्ञान अफलातून. १९९८ ला सेवा सुरू आणि १९९९ ला दिवाळं. उपग्रह बिघडले नव्हते, पुरेशी गिऱ्हाइकं नव्हती. गिऱ्हाईक कोण, ते किती मोजेल आणि पैसे हातात पडेपर्यंत कंपनी तग धरेल का, हे शोधणं म्हणजे आमचं काम. सरकारी निविदा निघाल्यावर जो धावतो तो हरलेलाच असतो. त्या खात्याची अडचण त्याआधी दीड वर्ष समजून घ्यावी लागते.

टॉर्करेंच
इरिडियममध्ये विक्रीवाले नव्हते का? लाखो लोक तो जाडजूड फोन घेतील हा अंदाज अभियंत्यांनी काढला नव्हता. आमच्याकडच्या एका बीडी साहेबांनी आम्हाला न विचारता नऊ महिन्यांत उपग्रह देतो म्हणून सही केली. रिअॅक्शन व्हील्स, म्हणजे उपग्रहाची दिशा वळवणारी चाकं, यायलाच त्याहून जास्त वेळ लागणार होता. कंपन चाचणी, थर्मल व्हॅक्यूम (निर्वातात तापवून-गोठवून तपासणं) पुढेच. वर्षभर आम्ही रात्री जागवल्या. साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत.

पहिलंउड्डाण
तुम्हा दोघांचं भांडण बाजूला ठेवा. खरा रोग 'फ्लाइट हेरिटेज' आहे, म्हणजे भाग आधी अंतराळात वापरला गेलाय का याची नोंद. आमचा थ्रस्टर (उपग्रह ढकलणारं छोटं इंजिन) जमिनीवरच्या सगळ्या चाचण्या पास झाला. गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच, आधी किती वेळा उडालाय? उडाला नाही म्हणून ऑर्डर नाही, ऑर्डर नाही म्हणून उडत नाही. चौदा महिने एका निविदेमागे घालवले आणि या एका रकान्यावर बाद झालो. खरेदीवाल्यांचा भित्रेपणा आहे हा.

खरेदीखातं
भित्रेपणा म्हणू नका. मी टेबलाच्या पलीकडे बसते. स्वस्त पडतो म्हणून न उडालेला भाग एकदा घेतला. दुसऱ्याच वर्षी उपग्रहाची वीज गेली. भूस्थिर कक्षेत मेकॅनिक पाठवता येत नाही हो. सही माझी होती, जाबही मलाच विचारला.

पहिलंउड्डाण
मग पहिल्यांदा उडवायचं कोणी? स्पेसएक्सचं फाल्कन १ रॉकेट लागोपाठ तीनदा अपयशी ठरलं, चौथं सप्टेंबर २००८ मध्ये कक्षेत पोचलं. त्याच डिसेंबरात नासानं स्पेसएक्सला १२ मालवाहू फेऱ्यांचं १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. ज्या नव्या, मोठ्या फाल्कन ९ वर माल जायचा ते पहिल्यांदा उडालं जून २०१० मध्ये! कुठे होता तुमचा हेरिटेजचा रकाना?

खरेदीखातं
अर्धीच गोष्ट सांगताय. नासा २००६ पासून त्यांच्या कामात पैसे घालत होती, तेही टप्पा पुरा झाला की त्या टप्प्यापुरते. नुसत्या शब्दावर नाही. तुम्ही मला असे टप्पे लिहून दिले होते का? माहितीपत्रक दिलं असणार.

पहिलंउड्डाण
...माहितीपत्रकच दिलं होतं. पण लहान कंपनीला हे शिकवणार कोण?

कक्षाभ्रमर
मी! हेच तर पहिल्यापासून सांगतोय. कुठला टप्पा गिऱ्हाइकाची भीती कमी करेल आणि त्यावर किती पैसे मागायचे, हे ठरवणं बीडीचं काम आहे. स्वतःच्या खर्चानं उडायचं तर राइडशेअर आहे, म्हणजे एका रॉकेटवर अनेकांचे उपग्रह. जानेवारी २०२१ मध्ये एका फाल्कन ९ वर १४३ उपग्रह गेले. एक लहान उपग्रह घ्या, थ्रस्टर त्यावर बसवा, त्या रकान्यात 'एक' लिहा.

टॉर्करेंच
टप्प्यांचं पटलं. नाइलाजानं पटलं म्हणा. पण त्या टप्प्यांवर तारखा टाकणार कोण?

कक्षाभ्रमर
तुम्ही. तुमच्या तारखांशिवाय मी सही करणार नाही.

पहिलंउड्डाण
राइडशेअर सांगायला सोपं आहे. पैसे होते ते त्या चौदा महिन्यांत संपले.