नेटवर्किंगला पुस्तकं कशाला, म्हणे!

सह्यवारा: "पुस्तकात वेळ घालवू नका, व्हिडिओ बघा, सर्टिफिकेट घ्या," असा सल्ला काल इथे एकाने दिला. मला राहवत नाही. एका कारखान्यात पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारी छोटी चाचणी) चालायचं, पण मोठी फाइल अडकायची. तीन दिवस केबली बदलल्या, राउटर बदलला. शेवटी इंटरनेटच्या मूळ नियमांवरचं, स्टीव्हन्सचं 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड' काढलं, १९९४ चा पहिला खंड. एमटीयूबद्दल, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराबद्दल, वाचलं आणि तुकडे न करण्याची खूण लावून पिंगचा आकार वाढवत नेला. १४६४ बाइट गेले, १४७२ अडले. हेडरचे २८ धरले की १४९२. नेहमीच्या १५०० मधले ८ पीपीपीओईने, म्हणजे ब्रॉडबँड जोडणीच्या पद्धतीने, खाल्ले होते! त्यात फायरवॉलने पिंग सोडून सगळं आयसीएमपी, म्हणजे नेटवर्कचे अडचणी कळवणारे निरोप, अडवलेलं, म्हणून 'पॅकेट मोठं आहे' हा निरोप परत येतच नव्हता.

काळीमाती: नवशिक्याच्या हातात थेट स्टीव्हन्स? मी टॅनेनबॉमच्या पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात, फिजिकल लेयरमध्ये (तारा आणि सिग्नलचा थर), अडकले आणि वर्षभर विषयाला हात लावला नाही. कुरोस-रॉसचं पुस्तक ब्राउझरपासून सुरू करून खाली उतरतं, म्हणून ते समजलं.

पाटावरचा: आणि परीक्षेचं गाइड? त्याचं नाव काढायला लाज वाटते का? बारावीपर्यंत माझं मराठी माध्यम. इंग्रजीच्या एका पानाला तास लागायचा. गाइड नसतं तर मी डिग्री सोडली असती.

सह्यवारा: गाइडनेच ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम वाटून दाखवणाऱ्या आराखड्याचे, सात थर पाठ करवले. मुलाखतीला आलेल्या पोराला त्यातला सेशन लेयर प्रत्यक्षात कुठे दिसतो विचारलं, तर गप्प.

पाटावरचा: पेपर तोच प्रश्न विचारतो, पोराने काय करायचं? खोली भाडं, मेस आणि वर महागडं पुस्तक! तुम्हाला बोलायला काय जातं?

काळीमाती: अहो, आवाज खाली. आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकवार दस्तऐवज, फुकट आहेत. टीसीपीचा जुना ७९३ गेला, २०२२ पासून ९२९३ वाचायचा.

पाटावरचा: तेही इंग्रजीतच ना, ताई! आम्हाला टीसीपीची जोडणी जुळवणारा हँडशेक मराठीत कुणी समजावून सांगितला?

सह्यवारा: हे मात्र मान्य करावं लागेल. सुरुवातीला कुरोस-रॉस, हेही मान्य. पण शेजारी वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम, उघडा हवाच. हँडशेकच्या सिन, सिन-अॅक, अॅक या तीन ओळी स्वतःच्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय पान उलटू नका. गाइडबद्दलचं मत मी बदलणार नाही.

पाटावरचा: नका बदलू. त्या तीन ओळींवर मराठीत दोन पानं लिहा, मी वर्गातल्या पोरांना वाटतो.

सह्यवारा: रविवारपर्यंत देतो.