मदत हवी आहे: आईला ट्रेडमिलवर सुरक्षित कसं चालवू?

आम्ही मालवणजवळ राहतो. पावसात पाणंद शेवाळून निसरडी होते, आईचं फिरणं बंद पडतं, म्हणून ट्रेडमिल घेतलं. तिचं वय ६४, डायबिटीस आहे. काल चालू पट्ट्यावरच पाय ठेवला आणि तोल गेला. दांडी हातात आली म्हणून वाचली, माझं काळीज अजून धडधडतंय. आता आधी दोन्ही पाय कडेला, लाल चावीची (ती ओढली गेली की पट्टा थांबतो) क्लिप गाऊनला, वेग ताशी २ किलोमीटर, मगच पट्ट्यावर पाय. पण ती अनवाणीच चालते. डायबिटीसमध्ये पायाला साधं खरचटलं तरी चिघळू शकतं, कसं समजावू? आणि इथे लाईट केव्हाही जाते, पट्टा मध्येच थांबतो. त्यावर कोणी काय उपाय केलाय? खाऱ्या हवेने बोल्टही तांबरायला लागलेत.