हौशी छायाचित्रण : मिळालेले आणि दिलेले प्रामाणिक अभिप्राय

‘छान’, ‘अप्रतिम’ अशी दाद सुखावते, पण पुढचे छायाचित्र सुधारायला तिचा फारसा उपयोग होत नाही. ज्या अभिप्रायाने तुमची नजर बदलली, किंवा जो देताना शब्द जपून वापरावे लागले, असा अनुभव तपशिलासह लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करते.

400 मिमी लेन्सने टिपलेले माझे एका पक्ष्याचे छायाचित्र अंधुक आले होते आणि बहुतेकांनी ‘ट्रायपॉड वापरा’ असे सुचवले. एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी मात्र ते पूर्ण मोठे करून पाहिले आणि पक्षी बसलेली फांदी पुसट असताना तिच्या मागच्या फांदीच्या सालीवरच्या भेगा स्वच्छ दिसत आहेत, हे दाखवून दिले. हात हलला असता तर सगळेच चित्र एका दिशेने फराटले असते, पक्षी हलला असता तर फांदी तरी स्पष्ट आली असती. म्हणजे फोकस मागे गेला होता. तेव्हापासून मी एकच फोकस बिंदू (कॅमेरा जिथे स्पष्टता साधतो ती जागा) निवडून तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवते. दोष सांगणारे पुष्कळ भेटतात; कारण शोधून देणारा क्वचितच भेटतो.

---

कारणाचा मुद्दा अगदी पटला. माझ्या मैत्रिणीने काढलेल्या व्यक्तिचित्रांत नाक मोठे दिसत असे आणि तिला सगळे जण नवी लेन्स घ्यायला सांगत. चेहऱ्याची ठेवण बिघडते ती कॅमेरा फार जवळ नेल्यामुळे, म्हणून मी तिला त्याच लेन्सने काही पावले मागे जाऊन फोटो काढायला आणि नंतर तो कातरायला सांगितले. तिचा खर्च वाचला, याचा मला आजही आनंद वाटतो.

---

‘फोटो फार काळवंडला आहे’ असे मला एकाने कळवले, तर दुसऱ्याला तोच फोटो योग्य वाटला. दोघांच्या पडद्यांचा उजेड वेगवेगळा होता. अशा वेळी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या डावीकडच्या काळ्यापासून उजवीकडच्या उजळ छटांपर्यंतचा आलेख, पाहावा. आलेख उजव्या कडेला चिकटला असेल, तर उजळ भागातला तपशील गेलेला असण्याची दाट शक्यता असते आणि जेपेगमधून (फोटो साठवण्याच्या नेहमीच्या, आकसलेल्या फाइलमधून) तो परत आणता येत नाही.

---

थोडा वेगळा सूर लावतो. लांब व्हरांड्याच्या छायाचित्रात मी दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा मुद्दाम सारख्या ठेवल्या होत्या. ‘विषय मधोमध नको, एक तृतीयांशाचा नियम पाळा’, म्हणजे चौकटीचे तीन समान भाग कल्पून विषय त्यांच्या रेषेवर ठेवा, असा शेरा आला. तो प्रामाणिक होता, यात शंका नाही, परंतु मला समतोलच दाखवायचा होता, हे कुणी विचारलेच नाही. आता कुणाच्याही छायाचित्रावर बोलण्याआधी ‘तुम्हाला यात काय दाखवायचे होते?’ हा प्रश्न मी आवर्जून विचारतो, आणि उत्तर ऐकल्यावर माझ्या मनातल्या निम्म्या सूचना गळून पडतात.

---

एक लहानसा अनुभव. मी काढलेल्या नृत्याच्या फोटोत नर्तिकेचा हात मनगटापाशी चौकटीने तोडला होता. एका सद्गृहस्थांनी माझी परवानगी घेऊन तो फोटो कोपराच्या वर कातरून दाखवला आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. शब्दांनी समजावायला त्यांना बराच वेळ लागला असता. मला फरक तत्काळ दिसला. परवानगी मागितली नसती, तर मी बहुधा वाद घालत बसले असते.