मदत हवी: दुकानातल्या कॉम्प्युटरचं अपडेट अडलं, दुसरं लिनक्स कोणतं टाकू?

पऱ्हाटी:
अर्जंट आहे. आर्णी तालुक्यात झेरॉक्स-ऑनलाइनचं दुकान आहे. कॉम्प्युटर लिनक्सवर (विंडोजच्या जागची सिस्टीम) आहे, अपडेट होऊनच नाही राहिलं. चालू-बंद करून पाहिलं, तेच. आता हे काढून दुसरंच टाकतो म्हणतो. ज्यात अपडेटची कटकट नाही असं कोणतं? फेडोरा, मिंट, डेबियन, सुझे अशी लिनक्सच्या प्रकारांची नावं वाचली, कोणातच फरक दिसत नाही. विम्याच्या फॉर्मसाठी लोक बाकावर बसून आहेत. कृपया "गूगल करा" म्हणू नका.

वरुडची संत्री:
आत्ता कोणतं आहे? व्हर्जन? एरर नेमकी काय?

पऱ्हाटी:
उबुंटू आहे, दुसरं काय असणार. पुतण्यानं टाकून दिलं होतं, तो आता पुण्याला. एरर लाल अक्षरात येते.

रोलिंगबाबा:
आर्च लिनक्स टाका आणि मोकळे व्हा. व्हर्जनची भानगडच नाही. अपडेटला एकच आज्ञा: पॅकमॅन, वजा एसवाययू, एंटर. एकदा टाकलं की नवीन आवृत्ती नावाचा प्रकार आयुष्यात नाही. मी कित्येक वर्षं हेच वापरतो.

जुना कारकून:
बाबा, तुम्ही राहता शहरात, फायबरवर. खेड्यातल्या दुकानदाराला आर्च सांगता? तिथे अपडेट महिनोनमहिने राहिलं की आधी सॉफ्टवेअरच्या सह्या तपासणाऱ्या चाव्यांचं पॅकेज नवं करा, मग बाकीचं. अर्धवट अपडेट तर आर्चला चालतच नाही, केलं तर सगळंच करायचं. डेबियन टाका. साधारण दोन वर्षांनी एकदा नवी आवृत्ती येते, मधल्या काळात फक्त सुरक्षेची दुरुस्ती. कंटाळवाणं आहे, म्हणूनच दुकानात चालतं.

रोलिंगबाबा:
डेबियनमधलं सॉफ्टवेअर म्हणजे मागच्या वर्षीची तूर.

जुना कारकून:
मागच्या वर्षीची तूर शिजते तरी.

नागपुरी तर्री:
दुकान आहे तर मराठी टायपिंग लागेलच. टायपिंगचं आयबस टाका, त्यात एम17एन घ्या, इनस्क्रिप्ट कीबोर्ड येते. कृतीदेव फॉन्टच्या जुन्या फाइली असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर सगळा काला होते.

पऱ्हाटी:
भाऊ, टायपिंग चालून राहिलं. मी अपडेटचं विचारलं.

वरुडची संत्री:
राजेहो, तुमची भांडणं नंतर. पऱ्हाटीभाऊ, टर्मिनल उघडा, सुडो एपीटी अपडेट (एपीटी म्हणजे उबुंटूचं सॉफ्टवेअर उतरवणारं टूल) चालवा आणि लाल ओळ जशीच्या तशी लिहा. (फोनवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून इथे देवनागरीत लिहितो, तिकडे इंग्रजी अक्षरं टाका.) इंटरनेट कशावर चालते आणि रॅम किती, तेही सांगा.

पऱ्हाटी:
404 नॉट फाउंड. त्याच्या खाली "मॅन्टिक रिलीज डज नॉट हॅव अ रिलीज फाइल". रॅम 4 जीबी. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबी. त्यातच लाइन (वीज) जाते. मागे अपडेट चालू असतानाच गेली होती, म्हणून वाटलं त्यानंच बिघडलं.

वरुडची संत्री:
सापडलं. लाइनीचा काही दोष नाही. लाइन गेल्यानं अर्धवट राहिलं असतं तर "डीपीकेजी इंटरप्टेड" (डीपीकेजी म्हणजे पॅकेजं बसवणारं टूल) असं आलं असतं आणि सुडो डीपीकेजी, दोन डॅश कॉन्फिगर, वजा ए, एवढ्यानं मार्गी लागलं असतं. मॅन्टिक म्हणजे उबुंटू 23.10. ते ऑक्टोबर 2023 मध्ये आलं आणि जुलै 2024 मध्ये त्याचा सपोर्ट संपला. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने मिळतात. नंतर त्यांची पॅकेजं नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून ओल्ड-रिलीजेस नावाच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात. तुमचा कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर जाते, तिथे कोणी नाही, म्हणून 404. हे वापरलेल्या कोणालाही होईल. एपीटी बिघडलं नाही.

सम वर्षाच्या एप्रिलमधली आवृत्ती दीर्घ मुदतीची, पाच वर्षं. 22.04 ला 2027 पर्यंत, 24.04 ला 2029 पर्यंत अपडेट. दुकानात दुसरी टाकूच नये.

फेडोरावाला धामणगाव:
मग हेच फेडोराला लागू होत नाही. त्याचं अपडेटचं टूल डीएनएफ फार समजूतदार आहे. काय केलं त्याचा इतिहास ठेवते, डीएनएफ हिस्टरी अनडू म्हटलं की मागे जाते. एपीटीत ही सोय सहज कुठे?

जुना कारकून:
आणि फेडोराच्या एका आवृत्तीला साधारण तेराच महिने, हे सांगायचं राहिलं का? दर सहा महिन्यांनी नवी येते. हा माणूस पुन्हा इथेच धागा काढेल. शिवाय आधी फक्त बदललेला भाग उतरवायची सोय होती, डेल्टा आरपीएमची, ती फेडोरा 40 पासून काढली. दीड जीबीवाल्याला काय उपयोग?

फेडोरावाला धामणगाव:
मी फक्त टूलबद्दल बोललो.

सुझेप्रेमी:
लाइनीचा त्रास असेल तर ओपनसुझे. झिपर या टूलनं अपडेट करण्याआधी स्नॅपर आपोआप स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची त्या वेळची प्रत, घेते. मध्येच बंद पडलं तर बूट मेनूतून जुन्या स्थितीत जाता येते. मात्र त्यातलं ठरावीक आवृत्त्यांचं लीप घ्या, सतत बदलणारं टंबलवीड नको, त्याची अपडेटं अगडबंब असतात.

पऱ्हाटी:
एवढं मले नका सांगू राजेहो. एकच सांगा, काय टाकू? आणि माझे स्कॅन केलेले कागद जातील का?

वरुडची संत्री:
दोन रस्ते आहेत. पहिला, सोर्सेस लिस्टमधले (सर्व्हरच्या यादीतले) पत्ते ओल्ड-रिलीजेसचे करायचे, आहे ते अपडेट पुरं करायचं, मग डू-रिलीज-अपग्रेड चालवून 24.04 वर जायचं. होते, पण सगळं हॉटस्पॉटवरून उतरवावं लागते आणि मध्ये लाइन गेली तर डोकेदुखी. मी हे करणार नाही.

दुसरा रस्ता, मिंट एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपचं मिंट), 22 वाली मालिका. ती उबुंटू 24.04 वरच उभी आहे, अपडेट 2029 पर्यंत, एपीटी तेच, 4 जीबीत चालते. इन्स्टॉलची फाइल तीन जीबीच्या आत-बाहेर. उबुंटू 24.04 ची सहाच्या आसपास जाते. शिवाय मिंटमध्ये स्नॅप (उबुंटूची सॉफ्टवेअर द्यायची दुसरी पद्धत) आधीपासून बंद असते. उबुंटूत ते नवं काही आलं का हे दिवसातून चारदा पाहून येते आणि मोबाइलचा डेटा कुठे गेला ते कळत नाही. तालुक्याला कोणाकडे फायबर असेल तर तिथून पेनड्राइव्हवर आणा. आधी होम फोल्डर (तुमच्या फाइली असतात तो) दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि दोनचार फाइली उघडून पाहा. मगच इन्स्टॉल.

रोलिंगबाबा:
म्हणजे 2029 ला पुन्हा हाच उद्योग.

जुना कारकून:
तोवर तुमचं आर्च किती वेळा पुन्हा टाकून होईल, ते मोजा.

पऱ्हाटी:
मिंट पक्कं. पुतण्याच्या दोस्ताकडे फायबर आहे, रविवारी दुकान बंद ठेवून करतो. आतून अपडेट आपोआप ठेवू का? दुसरा कॉम्प्युटरही आहे, त्याच्यावरही तेच टाकायचं, दोनदा डेटा जाईल.

वरुडची संत्री:
आपोआप नको. संध्याकाळी दुकान बंद करताना, इन्व्हर्टर भरलेला असताना अपडेट मॅनेजरमधून स्वतः चालवा. दोघांसाठी एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी टाका. पहिल्यानं उतरवलेलं पॅकेज तो जवळ ठेवते, दुसऱ्याला पोर्ट 3142 वरून देते, नेट एकदाच खर्च होते. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर किंवा हॉटस्पॉटवर मात्र हवेत.

जुना कारकून:
आणि पहिल्याच दिवशी सिस्टीमचे स्नॅपशॉट घेणारं टाइमशिफ्ट लावा, स्नॅपशॉट दोनच ठेवा, नाहीतर डिस्क भरते. होम फोल्डर त्यात धरलेला नसतो, लोकांच्या कागदांची कॉपी वेगळीच काढावी लागेल.