‘फुटीर’, ‘विभक्त’ की ‘स्वतंत्र’? स्कॉटलंडबद्दल बोलताना कोणता शब्द वापरावा

मिरजेहून

नमस्कार. आमच्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसाठी विषय ठरलाय : ‘छोट्या राष्ट्राने मोठ्या संघातून फुटून निघावे का?’ मुलांनी उदाहरणं ब्रिटनमधलं स्कॉटलंड, स्पेनमधलं कॅटलोनिया आणि कॅनडातलं क्विबेक यांची घेतली आहेत. विषय फलकावर लागल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, ‘फुटून’ म्हटल्यावर ‘हो’ म्हणणारा बोलायला उभा राहण्याआधीच दोषी ठरत नाही का?” तिचं म्हणणं मला पटलं. पण बदलून लिहायचं काय? ‘स्वतंत्र व्हावे का’ लिहिलं तर दुसरी बाजू अडचणीत, कारण आपल्याकडे स्वातंत्र्याला नको कोण म्हणणार? विलग, विभक्त, स्वायत्त, स्वयंनिर्णय असे बरेच शब्द डोक्यात आहेत. कुठला कुठे बसतो ते जाणकारांनी सांगावं.

कराडहून

मॅडम, आहे तोच शब्द राहू द्या. चालू असलेल्या राज्यातून एक भाग बाहेर काढायचा याला मराठीत फुटणंच म्हणतात. शिवाय ‘फुटणे’ हे क्रियापद मुळात वाईट नाही. पालवी फुटते, रस्त्याला फाटा फुटतो, उसाला फुटवे चांगले आले की शेतकरी खूश होतो.

वाईहून

अण्णा, उसाचे फुटवे खरेच. पण आमदार फुटतात, साक्षीदार फुटतो, पेपर फुटतो, तेव्हा? माणसांच्या बाबतीत ‘फुटणे’ आलं की विश्वासघात आलाच. त्यात ‘फितूर’ हा शब्द कानाला शेजारचा. तो अरबी-फारसी वाटेने आला, ‘फुटणे’शी त्याचं काही नातं नाही, पण बोलताना ‘फुटीर’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात ‘फितूर’ उमटतोच. म्हणून वादाच्या विषयात हा शब्द नको.

मॅडम, मला वाटतं शब्द निवडण्याआधी एक विचारावं : तो प्रदेश त्या संघात आला कसा? करार करून, बळाने सामील करून घेतल्यामुळे, की एकाच राज्यघटनेतून पहिल्यापासून घडलेला? आत येण्याच्या रीतीवर बाहेर पडण्याचं क्रियापद ठरतं.

स्कॉटलंड घ्या. १६०३ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडचा राजा एक झाला, राज्यं दोनच राहिली. १७०७ मध्ये दोन्हीकडच्या संसदांनी कायदे करून एक राज्य केलं. स्कॉटलंडची संसद गेली, पण त्यांची न्यायव्यवस्था, चर्च आणि शिक्षण वेगळंच राहिलं. पुढे त्यांचे खासदार लंडनच्या संसदेत बसले, साम्राज्याच्या कारभारातही स्कॉटिश माणसं भरपूर होती. १९४७ च्या आठवणीसकट आपण ‘स्वातंत्र्य’ म्हणतो, त्यात परकी सत्ता हटवणं येतं. तो अर्थ स्कॉटलंडला लागत नाही. म्हणून मी बातमीत ‘स्कॉटलंडचा स्वातंत्र्यलढा’ लिहिणार नाही. पण ‘स्वतंत्र देश’ मात्र लिहीन, कारण १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमताच्या मतपत्रिकेवर तोच शब्द होता : ‘स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का?’

या प्रश्नाचीही कथा तुमच्या कामाची आहे. तिथल्या सरकारने आधी मसुदा केला होता : ‘स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ निवडणूक आयोगाने प्रश्न लोकांपुढे तपासून पाहिला आणि कळवलं की ‘सहमत आहात का’ या शब्दांनी माणूस ‘हो’कडे झुकतो, ते काढा. सरकारने काढले. तुमच्या विद्यार्थिनीने घेतलेला आक्षेप याच जातीचा आहे, फक्त तिथे शब्द ‘हो’कडे ढकलत होते आणि तुमच्या फलकावर ‘नाही’कडे.

तासगावहून

खेड्यातला शब्द कुणी घेतलाच नाही. आमच्याकडे भावाभावांत वाटण्या झाल्या की ‘धाकटा वेगळा निघाला’ म्हणतात. त्यात शिवी नाही, गौरवही नाही. तो चूल वेगळी करतो, खातेफोड होऊन सातबारा वेगळा होतो. पण विहीर सामाईकच राहते, आणि खरी भांडणं पुढची वीस वर्षं त्या विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून होतात.

स्कॉटलंडच्या बाबतीत विहीर म्हणजे पौंड. ‘हो’वाले म्हणत होते, आम्ही वेगळे झालो तरी पौंड दोघांचा राहील. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी साफ सांगितलं, वेगळे झालात तर पौंड सामाईक राहणार नाही. त्यानंतर प्रचारात पेन्शन, गृहकर्ज, बँकेतल्या ठेवी हेच विषय राहिले. तेव्हा मॅडम, ‘वेगळे निघावे का’ लिहा. त्या शब्दातच सामाईक काय राहणार हा पुढचा प्रश्न येतो. मुलांनी खरं तर त्यावरच बोलायला हवं.

मिरजेहून

‘वेगळे निघणे’ छान वाटला, भाऊ. पण अमुक राष्ट्र ‘वेगळे निघाले’ हे लेखी मराठीत थोडं घरगुती होईल. ‘वेगळे होणे’ चालेल का? आणि वाईकरांचा नियम इतर उदाहरणांना लावून दाखवाल का? मुलांना ते लागेल.

वाईहून

‘वेगळे होणे’ उत्तम. सगळ्यांत तटस्थ तोच.

आता उदाहरणं. लिथुआनियाला ‘वेगळा झाला’ म्हणणं चूक आहे, ‘फुटला’ तर त्याहून चूक. १९१८ पासून तो स्वतंत्र देश होता, १९४० मध्ये सोव्हिएत संघाने तो गिळला. ११ मार्च १९९० रोजी त्यांच्या संसदेने जो ठराव केला त्यात स्वतंत्र राज्याच्या ‘पुनःस्थापने’ची घोषणा आहे. गंमत म्हणजे सोव्हिएत राज्यघटनेच्या ७२ व्या कलमात प्रजासत्ताकांना बाहेर पडण्याचा हक्क दिलेला होता आणि एप्रिल १९९० मध्ये मॉस्कोने त्याची रीतही कायद्याने ठरवली. लिथुआनियाने ती वाट नाकारली. त्या हक्काने बाहेर पडलो तर आत आलो होतो ते कायदेशीर होतं असं मान्य केल्यासारखं होईल, ही त्यांची भूमिका. मॉस्कोने तेलाची नाकेबंदी केली, तरी त्यांनी शब्द सोडला नाही. छोट्या राष्ट्राने एका शब्दासाठी इतकी किंमत मोजली याचं मला मोठं मोल वाटतं.

चेकोस्लोव्हाकियासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे : फारकत. जुन्या कागदपत्रांत फारखत म्हणजे देणंघेणं मिटल्याची, हक्क सोडल्याची चिठ्ठी. चेक आणि स्लोव्हाक १ जानेवारी १९९३ रोजी नेत्यांच्या वाटाघाटीतून वेगळे झाले. संघाची मालमत्ता लोकसंख्येच्या हिशेबाने दोनास एक अशी वाटली. तासगावकरांची विहीर इथेही आहे : चलन काही काळ सामाईक ठेवायचं ठरलं होतं, ते ८ फेब्रुवारीला म्हणजे दीड महिनाही व्हायच्या आत वेगळं करावं लागलं. एक गोष्ट मात्र मला खटकते. सार्वमत घेतलंच नाही. फारकत दोन्ही पक्षांच्या सहीने होते, इथे सह्या फक्त पुढाऱ्यांच्या. त्याआधी १९९० मध्ये त्यांच्या संसदेत देशाच्या नावात जोडरेघ असावी की नसावी यावर भांडण पेटलं होतं. स्लोव्हाकांना ती रेघ हवी होती, कारण रेघेशिवाय आपलं नाव दुसऱ्याच्या नावाची शेपटी वाटतं अशी त्यांची तक्रार. शब्दचर्चा करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आणि नॉर्वे. स्वीडनबरोबर राजा एक, पण नॉर्वेची राज्यघटना १८१४ पासून वेगळी, संसद वेगळी. १९०५ मध्ये ती जोडणी मोडली. याला सरळ ‘युती तुटली’ म्हणावं. सार्वमतात ३,६८,२०८ मतं बाजूने पडली आणि विरोधात फक्त १८४.

साताऱ्याहून

लिथुआनियाबद्दल वाचून रंगो बापूजी आठवले. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला आणि १८३९ मध्ये त्यांनाच गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे अर्ज-विनंत्या, सभा, छापील पत्रकं असा झगडा चालवला. मध्येच १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून सातारा खालसा झालं. त्यांनी कधी ‘आम्हाला वेगळं करा’ म्हटलं नाही. झालेला करार पाळा, राज्य परत द्या, हीच मागणी. ‘परत’ हा साधा शब्द या चर्चेत हवा. पुनःस्थापना हा मुलांना जड जाईल, ‘राज्य परत मिळवणे’ समजेल.

कराडहून

इतकं वाचून मी ‘फुटीर’चा आग्रह स्कॉटलंडपुरता सोडतो. पण कॅटलोनियाचं काय? स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेत दुसऱ्या कलमात ‘स्पॅनिश राष्ट्राची अविभाज्य एकता’ स्पष्ट आहे. त्याच कलमात कॅटलोनियासारख्या प्रदेशांसाठी ‘राष्ट्रीयता’ असा शब्द घातला, ‘राष्ट्र’ मुद्दाम घातला नाही. २००६ च्या त्यांच्या स्वायत्ततेच्या कायद्यात प्रस्तावनेत ‘राष्ट्र’ आला, तर २०१० मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की त्या शब्दाला कायद्याचा परिणाम नाही. तरी १ ऑक्टोबर २०१७ ला न्यायालयाने थांबवलेलं सार्वमत घेतलं. याला फुटीर नाही तर काय म्हणायचं?

आणि आपल्याकडचंही मुलांना सांगा. आपल्या घटनेत ‘राज्यांचा संघ’ आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत त्याचं कारण दिलं : हा संघ घटक राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कुठल्याच राज्याला बाहेर पडण्याचा हक्क नाही.

वाईहून

आंबेडकरांचा दाखला अगदी योग्य दिलात, आणि तो माझ्याच नियमाला धरून आहे. आत येण्याची रीत बघा, हेच त्यांनी केलं. त्यामुळे स्कॉटलंडला लावलेला शब्द उचलून आपल्याकडे लावू नये आणि आपल्याकडचा तिकडे लावू नये. तिथला संघ दोन संसदांच्या ठरावाने झालेला, आपला तसा नाही.

कॅटलोनियाला मी ‘एकतर्फी’ म्हणेन. तो शब्द कृतीबद्दल बोलतो, माणसांच्या हेतूबद्दल बोलत नाही. त्या दिवशी मतदान केंद्रांसमोर रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्या सगळ्यांना ‘फुटीर’ म्हणून मोकळं व्हायला माझं मन घेत नाही. विरोधकांनी त्या मतदानावर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे आकडा ‘हो’चा भरला तरी तो सगळ्या कॅटलोनियाचा कौल होत नाही, हेही तितकंच खरं.

मिरजेहून

मग तुमचं मत काय, वाईकर? शब्द बाजूला ठेवून सांगा. छोट्याने वेगळं व्हावं का?

वाईहून

करार करून आलेल्याला पुन्हा विचारायचा हक्क असावा, असं माझं ठाम मत आहे. २०१४ ला ५५.३ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले, ८४.६ टक्के मतदान झालं, सोळा वर्षांच्या मुलांनीही मत दिलं. तो कौल चोख होता. पण राहायचं म्हणून ज्या ब्रिटनला त्यांनी मत दिलं, ते युरोपीय संघात होतं. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी तिथे राहण्याला मत दिलं आणि तरी त्यांना बाहेर जावं लागलं. पाया बदलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसद सार्वमताचा कायदा करू शकत नाही. कायद्याने ते बरोबर असेल, पण मग बाहेरची वाट कुठली, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं. आत्ताच वेगळं व्हावं का, यावर मात्र मी ‘नाही’च्या बाजूला झुकतो, कारण चलनाचं उत्तर अजून पक्कं नाही.

कराडहून

पुन्हा पुन्हा विचारत राहिलं तर कुठलाही संघ टिकायचा नाही. आणि एका मताने देश मोडायचा का? १९९५ मध्ये क्विबेकात ‘नाही’ ५०.५८ टक्के विरुद्ध ‘हो’ ४९.४२ टक्के झालं. प्रश्न ‘सार्वभौम’ व्हायचा होता, पण सोबत कॅनडाशी नव्या भागीदारीचा प्रस्तावही जोडलेला, त्यामुळे नेमकं काय मागतोय हेच अनेकांना कळेना. म्हणून १९९८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने अट घातली : स्पष्ट प्रश्न आणि स्पष्ट बहुमत असेल तरच वाटाघाटी. सर्बियापासून वेगळं व्हायला माँटेनेग्रोला तर २००६ मध्ये ५५ टक्क्यांची अट होती. ५५.५ मिळाले, तेव्हा कुठे वाद मिटला.

वाईहून

अट आधी ठरलेली असावी, याला माझी पूर्ण सहमती. मात्र मतदारांनाच ती आधी माहीत हवी. आणि ‘स्पष्ट प्रश्न’ म्हणजे शेवटी नेमके शब्द, म्हणजे आपण इथे करतोय तेच काम.

मिरजेहून

सगळ्यांचे आभार. विषय असा लिहिते : ‘छोट्या राष्ट्राने मोठ्या संघातून वेगळे व्हावे का?’ स्कॉटलंडबद्दल बोलताना ‘स्वतंत्र देश’, लिथुआनियाला ‘राज्य परत मिळवणे’, चेकोस्लोव्हाकियाला ‘फारकत’, आणि घटनेत राहून अधिकार वाढवून घेतले तर ‘स्वायत्तता’. बरोबर ना?

कराडहून

बरोबर, मॅडम. एकच सुचवतो. दोन बाजूंना ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ म्हणू नका. २०१५ मध्ये ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने युरोपीय संघाच्या सार्वमतातलं नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’ बदलायला सांगितलं, आणि मतपत्रिकेवर ‘राहावे’ आणि ‘सोडावे’ आलं. तुमच्याही फलकावर एका बाजूला ‘वेगळे व्हावे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एकत्र राहावे’ लिहा. दुसऱ्या बाजूलाही स्वतःचं क्रियापद मिळू द्या.