क्लबहाऊसच्या कपाटात कोणती कॉमिक्स ठेवायची?

शिरीष (सेक्रेटरी), ए-४०१: नमस्कार मंडळी. क्लबहाऊसमधल्या पुस्तकांच्या कपाटात एक कप्पा रिकामा झालाय. गणपतीच्या वर्गणीतून उरलेले १२,००० रुपये कमिटीने पुस्तकांसाठी मंजूर केलेत. मुलांना कॉमिक्स हवीत. कोणती घ्यायची ते सुचवा. कृपया विषयाला धरून लिहा, पार्किंगवर स्वतंत्र मीटिंग आहे.

संदीप, बी-२०२: पार्किंगचं तुम्हीच काढलंत 😀

देशपांडे काका, ए-१०२: इंद्रजाल कॉमिक्स. वेताळ म्हणजे फँटम, जादूगार मँड्रेक, बहादूर. पुढे चर्चेची गरज नाही.

संदीप, बी-२०२: काका, ते वाचणारी मुलं आता रिटायर व्हायला आली.

देशपांडे काका, ए-१०२: असू दे. १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं. टाइम्सवाले काढायचे, मराठीतूनही यायचं. ली फॉकने वेताळ अमेरिकेत बसून १९३६ साली वर्तमानपत्रासाठी लिहायला घेतला, पण आपल्या अंकांत त्याचं जंगल डेंकाली देशात. आम्हाला तो नात्यातलाच वाटायचा. बहादूर मात्र अस्सल इथला. आबिद सुरतींनी रचलेला. भगवा कुर्ता, खाली जीन्स आणि समोर चंबळचे डाकू.

मेघना, बी-४०३: काका, जुने अंक आता संग्राहकांकडेच, आणि भाव ऐकून घेरी येते. असा अंक पोरांच्या हाती दिला तर आठवड्यात पानं सुटतील. ते तुमच्याकडे येऊनच वाचू. शिवाय आज वाचताना एक गोष्ट खटकते. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं असताना त्यांचा रक्षणकर्ता दरवेळी गोराच का?

देशपांडे काका, ए-१०२: खटकतं खरं. मँड्रेकच्या आफ्रिकी सोबत्याकडे, लोथारकडे, बघून तर जास्तच. पण चित्रं!

मेघना, बी-४०३: चित्रांबद्दल दुमत नाही.

स्वाती, सी-७०१: माझी अडचण वेगळीच आहे. आमचा सातवीतला मुलगा दिवसरात्र मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचतो, तेही फोनवर. तलवारी, रक्त, राक्षस. दुसरं पुस्तक हातात धरत नाही. लायब्ररीतही आपण तेच भरणार असू तर माझा विरोध लिहून घ्या.

ओवी (आईच्या फोनवरून), बी-५०१: स्वाती काकू, सगळ्यात तलवारी नसतात. व्हॉलीबॉलवर आहे, स्वयंपाकावर आहे, शेतीवरसुद्धा आहे. मी दहावीच्या सुट्टीत शेतीवालं वाचून काढलं.

संदीप, बी-२०२: शेतीवर? ऊस की सोयाबीन?

ओवी (आईच्या फोनवरून), बी-५०१: गाई आणि डुकरं. मेघना मावशी सांगेल, तिनेच दिलं होतं.

मेघना, बी-४०३: ‘सिल्व्हर स्पून’. हिरोमू आराकावा ही लेखिका होक्काइडोतल्या दूधधंद्यावर वाढली, त्यामुळे गोठ्याचा वास पानातून येतो. अभ्यासाला वैतागलेला शहरी मुलगा घरापासून लांब म्हणून कृषी शाळेत नाव घालतो. तिथे त्याला एका अशक्त पिल्लाचा लळा लागतो. डुकराचं पिल्लू. सगळे बजावतात, नाव ठेवू नकोस. तो ठेवतोच, आणि काय ठेवतो तर ‘पोर्क बाउल’. पिल्लू मोठं होतं, कत्तलखान्यात जातं, आणि हा पोरगा साठवलेल्या पैशांतून त्याचंच मांस विकत घेतो. रडारड नाही, उपदेशही नाही. तीन घास घशाखाली घालताना काय वाटतं एवढंच. २०११ ते २०१९ मध्ये आलं, १५ भागांत संपलं.

स्वाती, सी-७०१: अगंबाई. माझे सासरे राहुरीला कृषी विद्यापीठात होते. त्यांनाच द्यायला हवं.

मेघना, बी-४०३: द्याच. आता तलवारींबद्दल. जपानात आधी वाचक ठरतो, मग कॉमिक्सचं नियतकालिक. लहान मुलांची वेगळी, किशोरवयीन मुलग्यांची वेगळी, मुलींची वेगळी, मोठ्या बायकापुरुषांची वेगळी. १९६८ साली निघालेलं ‘शोनेन जंप’ मुलग्यांसाठी, म्हणून त्यात मारामाऱ्या, स्पर्धा आणि ‘मी सगळ्यात भारी होणार’ हा सूर. आपली पोरं वाचतात त्यातलं बरंचसं तिथलंच. उलट घरोघरी टीव्हीवर दिसणारा शिनचॅन १९९० मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाला. कार्टून बघून कुणी मूळ पुस्तक लहानग्याला आणून दिलं तर दुसऱ्या पानावर धक्का बसेल. त्यामुळे ‘मांगा चांगलं की वाईट’ यावर भांडण्यात अर्थ नाही. कव्हर उलटून मागे बघा, इंग्रजी आवृत्तीवर वयोगट छापलेला असतो. ऑल एजेस, टीन, टीन प्लस, मॅच्युअर. आपण कपाटात तोच हिशेब ठेवू.

डॉ. नितीन, ए-६०५: मोठ्यांसाठीही घेणार असाल तर तेझुकाचं ‘ब्लॅक जॅक’. परवाना नसलेला सर्जन, अव्वाच्या सव्वा फी. ओसामू तेझुका स्वतः वैद्यकीय पदवीधर होता. ऑपरेशनं अशक्य कोटीतली आहेत, पण ऑपरेशन थिएटरमधला ताण खरा आहे. एकेक गोष्ट सुटी, राउंडच्या आधी एक वाचून होते.

संदीप, बी-२०२: फीचा भाग तुम्हाला अशक्य वाटला नाही का डॉक्टर 😀

डॉ. नितीन, ए-६०५: तुमचं बिल बघून सांगतो.

शिरीष (सेक्रेटरी), ए-४०१: विषयाला धरून.

सरिता आजी, सी-१०३: लहान मुलांसाठी कोणीच काही सांगत नाही. माझी नात सहा वर्षांची आहे.

संदीप, बी-२०२: आजी, आता मी सिरीयस. ‘चिंटू’चे संग्रह घ्या, सगळे मिळतील तेवढे. १९९१ पासून सकाळी पेपर आला की आमच्याकडे आधी चिंटू, मग मथळे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. तीन-चार चौकटी, त्यात पप्पू, मिनी, बगळ्या आणि अख्खी कॉलनी. मराठी वाचायला कुरकुरणारं पोरगंही चार ओळींना कुरकुरत नाही. दुसरं टिंकल. शिकारी शंभूची टोपी डोळ्यांवर असते, त्याचे डोळे दिसतच नाहीत, तरी तो घाबरलाय हे कळतं. वसंत हळबेंच्या हातची कमाल. आमच्या पिढीत निम्मी पोरं त्याच्यामुळे वाचायला शिकली.

मेघना, बी-४०३: संदीप, हे लिहून ठेवते. आजी, त्या वयासाठी ‘योत्सुबा’ पण बघा. कियोहिको अझुमाचं, २००३ पासून चालू आहे. पाच वर्षांची मुलगी आणि तिचा बाबा. ती झोका बघते, एसी बघते, दुधाची बाटली पोचवायला निघते. काही घडतच नाही, आणि हसून पोट दुखतं. इंग्रजीत आहे, तेव्हा मोठ्या कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवायला लागेल.

सरिता आजी, सी-१०३: मी दाखवेन की. इंग्रजी शिकवायचे मी शाळेत.

देशपांडे काका, ए-१०२: अमर चित्रकथा कोणीच म्हणालं नाही. अनंत पै, १९६७. ‘कृष्ण’ राम वाईरकरांचं, ‘शिवाजी’ प्रताप मुळीकांचं. मुळीक पुण्याचे. आणि गंमत बघा, १९८६ मध्ये हिंदीतला नागराज आला, त्याची सुरुवातीची चित्रंही त्याच मुळीकांची. एका हाताने महाराज आणि त्याच हाताने अंगातून साप सोडणारा हिरवा माणूस.

मेघना, बी-४०३: घेऊ, पण अख्खा संच नको, निवडक. त्यातले राक्षस नेहमी काळे आणि राजकन्या सगळ्या एकाच साच्यातल्या का, असं ओवीने मला आठवीत विचारलं होतं. तो प्रश्न मुलांना पडावा म्हणूनही ठेवायला हरकत नाही.

वैशाली, सी-३०४: मग त्याच्याच शेजारी ‘भीमायन’ ठेवा. २०११ चं आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं चरित्र काढलंय. चौकोनी चौकटी नाहीतच, पानभर वळणारी नक्षी आहे. १९०१ चा प्रवास आहे त्यात. लहान भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर पाडळीला आगगाडीत बसून मसूरला उतरतात. न्यायला कुणी आलेलं नाही, आणि जात कळल्यावर एकही गाडीवान गाडीत घ्यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, असं ठरतं. मी मूळची कराडकडची, मसूर स्टेशनवरून शंभरदा गेलेय. पण ते पान बघितल्यावर गाडीतून उतरून फलाटावर उभी राहिले होते.

मेघना, बी-४०३: यात बोलण्याचे फुगे बघण्यासारखे आहेत. साधं, प्रेमाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात. जातीवरून डंख मारणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. अक्षर न वाचता कोण कसं बोलतंय ते कळतं. कॉमिक्स हे चित्रं लावलेलं पुस्तक नव्हे असं कुणाला पटवायचं असेल तर मी आधी हे उघडून दाखवते.

शिरीष (सेक्रेटरी), ए-४०१: चांगलं वाटतंय. मात्र वादग्रस्त काही नको, एवढी विनंती. सगळ्या प्रकारचे सभासद आहेत.

वैशाली, सी-३०४: यात वादग्रस्त काय आहे शिरीषजी? जे घडलं तेच आहे.

स्वाती, सी-७०१: वैशाली, ते घ्यावंच. मला भीती आहे ती मुलांना झेपेल का याची. ओवी म्हणत होती हिरोशिमावरचं पण एक आहे.

मेघना, बी-४०३: ‘बेअरफूट गेन’. केइजी नाकाझावाचं. बॉम्ब पडला तेव्हा तो सहा वर्षांचा होता, शाळेच्या भिंतीआड होता म्हणून वाचला. वडील, बहीण, भाऊ गेले. १९७३ मध्ये त्याने ते मुलांच्याच साप्ताहिकात काढायला घेतलं. कातडी लोंबणारी माणसं आहेत त्यात, मऊ करून सांगितलेलं नाही. पण मधेच पोरं गाणी म्हणतात, भात चोरतात, मारामाऱ्या करतात. म्हणून ते वाचता येतं.
आणि शिरीषजी, आपण आत्ता करतोय तोच वाद जपानात झालाय. मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ च्या डिसेंबरमध्ये शाळांना सांगितलं, हे उघड्या कपाटात ठेवू नका. कारण दिलं जपानी सैनिकांच्या अत्याचारांची दृश्यं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये बाहेर फुटलं, देशभर गदारोळ झाला, त्याच महिन्यात बंदी मागे. म्हणून म्हणते, कुलूप नको. वरचा कप्पा तेरा वर्षांपुढच्यांचा, आणि ज्या पुस्तकात जड प्रसंग आहे त्याच्या पहिल्या पानावर पालकांसाठी एक चिठ्ठी.

स्वाती, सी-७०१: चिठ्ठी चालेल. मी लिहीन हवं तर, आधी वाचून.

मेघना, बी-४०३: मग ‘अ सायलेंट व्हॉइस’ तुम्हीच आधी वाचा. सात भागांत संपतं. वर्गातल्या कर्णबधिर मुलीला एक मुलगा छळतो, तिची श्रवणयंत्रं फेकून देतो. पुढे वर्ग त्याच्यावरच उलटतो, आणि काही वर्षांनी तो खुणांची भाषा शिकून तिला भेटायला जातो. आत्महत्येचा प्रसंग आहे, म्हणून चिठ्ठी हवी. पण सातवी-आठवीत वर्गात काय चालतं ते घरात बोलायला यापेक्षा चांगलं निमित्त मला माहीत नाही.

ओवी (आईच्या फोनवरून), बी-५०१: आणि काकू, तुमचा अथर्व ज्या साइटवर वाचतो त्या चोरीच्या आहेत, घाणेरड्या जाहिराती येतात. ‘मांगा प्लस’ नावाचं प्रकाशकाचंच अ‍ॅप आहे, त्यात मालिकेचे पहिले तीन आणि ताजे तीन भाग फुकट. ते लावून द्या त्याला.

स्वाती, सी-७०१: हे कोणी सांगितलंच नव्हतं मला! थँक्यू बाळा.

संदीप, बी-२०२: हिशेब बघा लोकहो. एक भाग चार-पाचशेला. ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे, शंभराच्या वर भाग झालेत. ते घ्यायचं तर लिफ्टचा एएमसी भरता येणार नाही.

मेघना, बी-४०३: बरोबर. माझा नियम साधा आहे. संपलेली आणि छोटी मालिका पूर्ण घ्यायची. लांबलचकचे फक्त पहिले एक ते तीन भाग, ज्याला आवडेल तो स्वतः पुढचे घेईल. ‘सायलेंट व्हॉइस’ पूर्ण. ‘सिल्व्हर स्पून’चे पहिले दोन. आराकावाचंच ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ आहे, दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणू बघतात आणि त्याची किंमत शरीराने चुकवतात. ते २७ भागांचं, तेव्हा पहिले तीन. ‘डेथ नोट’ मला फार आवडत नाही, अर्ध्यानंतर सुटतं, पण मुलं मागतील म्हणून एक. ‘योत्सुबा’ दोन. ‘ब्लॅक जॅक’ डॉक्टरांनी द्यायचं 🙂 ‘भीमायन’, ‘गेन’चा पहिला, आणि उरलेल्यात चिंटू, टिंकल, अमर चित्रकथा. टिनटिन-अ‍ॅस्टेरिक्स कपाटात आहेत, नुसती चिकटपट्टी लागेल.

डॉ. नितीन, ए-६०५: दिलं. पण सूचना लावा. ओवीने दिलेलं पुस्तक मी डावीकडून उघडलं, पहिल्याच पानावर शेवट कळला.

ओवी (आईच्या फोनवरून), बी-५०१: उजवीकडून डावीकडे वाचायचं काका. पूर्वी इंग्रजीत पानं आरशासारखी उलटी करून छापायचे, तर सगळे तलवारबाज डावरे व्हायचे. आता मूळ तसंच ठेवतात. मी बाण काढून कपाटाच्या दारावर चिकटवते.

देशपांडे काका, ए-१०२: शनिवारी मी अप्पा बळवंत चौकात जातोच आहे. मराठी पुस्तकं मी आणतो. जपानी ओवीने ऑनलाइन मागवावीत. ते ‘गेन’ आलं की आधी मला द्या.

शिरीष (सेक्रेटरी), ए-४०१: मंजूर. बिलं सोसायटीच्या नावाने घ्या, नाहीतर ऑडिटर परत पाठवतो. वरच्या कप्प्यासाठी वयोगटाची पट्टी मेघनाताई करतील, चिठ्ठ्या स्वातीताई. शनिवारी टाकी धुणार आहेत, १० ते २ पाणी बंद.

संदीप, बी-२०२: आता पार्किंग?